झेब्र्याच्या पाठीवर खोगीर

यंदाच्या तान्ह्या पोळ्याला माझ्या भाचीने आपल्या लाकडी बैलाचा झेब्रा केला. दरवर्षी आम्ही त्या बैलाला बेगड लावतो, शिंगं रंगवतो, गळ्यात घुंगरू बांधतो. या वेळी तिने पांढऱ्या रंगावर काळे पट्टे ओढले, शिंगांवर कापड गुंडाळून त्यांचे कान केले आणि चाकांवरचा तो झेब्रा ओढत गल्लीभर फिरली. बोजारा, म्हणजे घरोघरी मिळणारी पोळ्याची खुशाली, भरपूर मिळाला. रात्री पैसे मोजता मोजता तिने विचारलं, "मावशी, बैलाची बंडी असते, घोड्याची बग्गी असते. झेब्र्याची काहून नसते?"

"तो जंगली असतो नं," मी म्हणाले.

"मग घोडा पहिले जंगली नव्हता का?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. नागपूरच्या मधोमध झिरो माइलच्या खांबाजवळ चार घोडे उधळल्यासारखे उभे आहेत, लग्नसराईत बँडच्या मागे घोडी चालते, काटोलकडे आमच्या शेतात अजून बैलजोडी आहे. जनावराला कामाला लावणं आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की ते मुळात घडलं कसं, हे कुणी विचारत नाही. पोरीने विचारलं म्हणून मी शोधायला लागले. जे कळलं ते इथे मांडते आहे.

झेब्र्यावर बसताच येत नाही, असा आपला समज असतो. तो खरा नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बऱ्याच जणांनी झेब्रे माणसाळवले, त्यांच्यावर खोगीर घातलं, त्यांना गाडीलाही जुंपलं. यातलं मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण आपल्या शेजारच्या गोव्याच्या माणसाचं आहे. डॉ. रोझेंदो आयरिस रिबेरो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नैरोबीत दवाखाना चालवत. शहर तेव्हा जेमतेम उभं राहत होतं, रस्ते धड नव्हते. १९०२ मध्ये तिथल्या भारतीय बाजारात प्लेग शिरला आहे हे ओळखणारे डॉक्टर ते हेच. रोगी तपासायला ते माणसाळवलेल्या झेब्र्यावर बसून जायचे. पट्टेदार जनावरावर सुटाबुटात बसलेल्या डॉक्टरांचा फोटो आजही पाहायला मिळतो.

त्याच सुमारास लंडनमध्ये वॉल्टर रॉथ्सचाइल्ड झेब्र्यांची बग्गी हाकत होते. घराणं बँकवाल्यांचं, पण यांचा जीव सगळा प्राण्यांत. ही बग्गी त्यांनी थेट बकिंगहॅम राजवाड्यापर्यंत नेली होती. कॅप्टन होरेस हेज हे नावाजलेले चाबुकस्वार. त्यांनी पूर्ण वाढलेला डोंगरी झेब्र्याचा नर दोन दिवसांत स्वारीला तयार केला, आणि त्यांची पत्नी त्याच्या पाठीवर बसली. दक्षिण आफ्रिकेत १८९० च्या दशकात झीडरबर्ग कंपनीने डाकगाडीला खेचरांच्या जोडीने झेब्रे जुंपून पाहिले. आपल्याकडे नवा गोऱ्हा औताला लावताना शेजारी जुना बैल जुंपतात, म्हणजे नवा त्याच्याकडे पाहून चाल शिकतो. तिथेही तीच युक्ती दिसते.

म्हणजे झेब्र्याला शिकवता येतं. तरीही झेब्र्याची पागा कुठे उभी राहिली नाही. डाकगाडीला शेवटी खेचरंच राहिली.

इथे दोन शब्द वेगळे करावे लागतात. बोलताना आपण ते एकाच अर्थाने वापरतो: माणसाळवलेला आणि पाळीव. माणसाळतं ते एक जनावर. त्याला माणसाची सवय होते, भीती जाते, ते हातातून खातं. पण त्याचं पिल्लू पुन्हा रानटीच जन्मतं. पाळीव होते ती अख्खी जात. माणूस शेकडो वर्षं शांत, सोशीक, कामाला बऱ्या जनावरांचीच पैदास करत राहतो, बाकीची बाजूला पडतात, आणि हळूहळू जन्मणाऱ्या पिल्लाचा स्वभावच बदलतो. आपल्या वर्ध्या-नागपूरकडची गवळाऊ जात घ्या. मराठ्यांच्या फौजांचं सामान झपाट्याने वाहून नेणारी म्हणून तिचं नाव झालं. गवळाऊचं वासरू जन्माला येतं तेव्हाच पायात वेग आणि माणसाबद्दलचा भरवसा यांचा अर्धा वाटा घेऊन येतं. उरलेला अर्धा शेतकरी शिकवतो.

झेब्र्याच्या बाबतीत तो पहिला अर्धा भाग कुणी केलेलाच नाही. प्रत्येक झेब्र्यापाशी शिकवणाऱ्याला शून्यापासून सुरुवात करावी लागते.

यावर कुणी हत्तीचं नाव घेईल, आणि ते बरोबरच आहे. गडचिरोलीतल्या कमलापूरच्या कॅम्पात वनविभागाचे हत्ती आहेत. हत्ती ही जात कधीच पाळीव झाली नाही. हजारो वर्षं माणसाने रानातून हत्ती धरला आणि शिकवला. पण हत्तीवर घेतलेली मेहनत पुढे पन्नास वर्षं कामी येते, आणि तो एकटा ओंडके ओढतो, जे दहा माणसांना हलत नाहीत. झेब्र्यावर तेवढीच मेहनत घेऊन हाती काय लागतं, याचा हिशेब मांडला की चित्र बदलतं. तो हिशेब पुढे करते. त्याआधी घोड्याला काय मिळालं ते पाहू, कारण मला वाटतं खरी किल्ली तिथे आहे.

२०२१ मध्ये प्राचीन घोड्यांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. २७३ जुन्या अवशेषांमधून डीएनए काढून तपासला होता. आजच्या सगळ्या पाळीव घोड्यांचं मूळ रशियातल्या व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या गवताळ मुलखात आहे, आणि साधारण इसवी सनापूर्वी २२०० ते २००० च्या सुमारास हे घोडे झपाट्याने सगळीकडे पसरले, असं त्यातून दिसलं. त्या घोड्यांच्या जनुकांत दोन जागा उठून दिसत होत्या. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तिथला बदल पक्का केला होता. त्यातली एक जागा माणसांमध्ये पाठीच्या जुनाट दुखण्याशी जोडलेली आढळते, म्हणजे तिचा संबंध कण्याशी आहे. दुसरीचा संबंध मनःस्थिती सांभाळणाऱ्या चेतापेशींशी, म्हणजे भीतीशी आणि चिडखोरपणाशी.

पाठ आणि मन. घोडा या दोन गोष्टी घेऊन माणसाकडे आला, आणि झेब्र्याकडे नेमक्या याच दोन नाहीत. हे वाचलं त्या दिवशी भाचीच्या प्रश्नाचं उत्तर सापडल्यासारखं मला वाटलं.

आधी पाठ. झेब्र्याच्या तीन जाती आहेत: आफ्रिकेच्या मैदानांत फिरणारा साधा झेब्रा, दक्षिणेकडचा डोंगरी झेब्रा, आणि केनिया-इथिओपियातला सगळ्यात मोठा, बारीक पट्ट्यांचा ग्रेव्ही झेब्रा. साध्या झेब्र्याचं वजन २२० ते ३२० किलोच्या आसपास, खांद्यापाशी उंची सव्वाचार फूट. घोड्याच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या फार तर पाचव्या हिश्शाइतका भार द्यावा, असा स्वारीवाल्यांचा आडाखा आहे. २८० किलोचा झेब्रा धरला तर ५६ किलो. त्यातून खोगीर, लगाम, रिकिबी यांचे आठ-दहा किलो काढा. उरतात ४६. म्हणजे शाळकरी मुलगा किंवा किरकोळ अंगाची बाई. आणि हा आडाखा घोड्याच्या पाठीचा आहे. जी पाठ ओझ्यासाठी कधी निवडलीच गेली नाही, तिच्यावर भार याहून कमीच ठेवायला हवा. ग्रेव्ही झेब्रा ३५० ते ४५० किलोपर्यंत भरतो, त्याला जास्त पेलेल. पण रानात ते जेमतेम तीन हजारांच्या आसपास उरले आहेत. त्यांना स्वारीसाठी धरण्याचा विचारही नको.

वजन नुसतं पेलून भागत नाही, खोगीर जागेवरही राहायला हवं. घोड्याच्या मानेच्या मुळाशी, दोन खांद्यांच्या मध्ये हाडाचा एक उंचवटा असतो. खोगीर त्याच्या मागे बसतं आणि तिथे अडतं. झेब्र्याचा हा उंचवटा अगदी बसका असतो, आणि अंग पिंपासारखं गोल. तंग कितीही आवळा, चार पावलांत खोगीर एका कुशीवर कलतं, उतारावर तर थेट मानेवर सरकतं. म्हणून शेपटीखालून दुमची घालून खोगीर मागून ओढून धरावं लागतं. शेपटीखाली पट्टा सहन करायला शिकवणं हा आणखी एक महिन्यांचा धडा होतो. मान आखूड, जाड, ताठ. लगाम ओढला तरी घोड्यासारखी ती सहज वळत नाही.

आता मन. इथे जरा थांबावं लागेल, कारण झेब्र्याच्या स्वभावाबद्दल बरंच चुकीचं सांगितलं जातं. झेब्र्यांना कुटुंब नसतं, म्हणून त्यांना पुढारी मानण्याची सवय नसते आणि ते माणसाचं ऐकत नाहीत, असं एक स्पष्टीकरण खूप फिरतं. ते खरं नाही. साधे आणि डोंगरी झेब्रे घोड्यांसारखेच घरोब्याने राहतात: एक नर, काही माद्या, त्यांची शिंगरं. माद्यांमध्ये मानाचा क्रम ठरलेला असतो, चालताना थोरली पुढे असते. ग्रेव्ही झेब्र्याचं तेवढं वेगळं आहे. त्याचा नर आपला इलाका राखून असतो आणि माद्या येतात-जातात.

फरक पडतो तो घाबरल्यानंतर. घोडा घाबरला की पळतो. पळता आलं नाही तर थरथरतो, आणि चांगला चाबुकस्वार त्याला तिथून परत आणू शकतो. झेब्राही आधी पळतोच, पण कोंडीत सापडला की फार लवकर उलटतो. दोन्ही मागच्या पायांनी दुगाण्या झाडतो, आणि त्या दुगाणीत सिंहाचा जबडा मोडण्याइतका जोर असतो. चावला तर सोडत नाही. हा काही दुष्टपणा नव्हे. पाण्यावर उतरावं तर मगर, गवतात सिंह, रात्री तरस, अशा ठिकाणी जो झेब्रा उशिरा उलटला तो मेला. शिवाय माणूस मुळात आफ्रिकेतलाच. तिथल्या जनावरांनी लाखो वर्षं आपल्याला शिकारी म्हणूनच पाहिलं, त्यामुळे आपल्याबद्दलचा त्यांचा संशय मुरलेला आहे, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. मला ते पटतं.

पण अशा जनावराला शिकवायचं म्हणजे करायचं काय? हे वाचून समजेना. मग मी आमच्या भागातल्या, वरातीला घोड्या देणाऱ्या एका काकांकडे गेले. त्यांच्याकडे तीन वर्षांची नवी घोडी आली होती. तिला बँड आणि फटाक्यांची सवय करायची होती. काकांनी एका लांब काठीच्या टोकाला प्लास्टिकची पिशवी बांधली आणि वीस-पंचवीस पावलांवर उभे राहिले. वाऱ्याने पिशवी फडफडली. घोडीची मान ताठ झाली, कान पिशवीकडे वळले, नाकपुड्या फुगल्या. काका एक पाऊलही पुढे गेले नाहीत, मागेही आले नाहीत. पिशवी फडफडत राहिली. मी घड्याळ पाहत होते, तीन मिनिटं गेली असतील. मग घोडीने मान थोडी खाली सोडली, जिभेने ओठ चाटले. त्याच क्षणी काकांनी काठी खाली टाकली आणि पाठ फिरवून चालू लागले.

"पाह्यलं का ताई," ते म्हणाले, "तिनं मान खाली टाकली का आपण मांगं सराचं. मांगं सरनं हेच तिचं बक्षीस. ते घाबरून असताना सरलो, तर तिले वाटते घाबरल्यानंच सुटका होते. अन् उशीर केला, तर आपल्यावरचा भरोसा जाते."

जनावर शिकवण्याचं शास्त्र जे सांगतं ते एवढंच आहे. हलका दाब द्या, आणि जनावराने हवं ते केलं त्याच क्षणी दाब काढून घ्या. दोर किंचित ओढला, त्याने एक पाऊल टाकलं, दोर सैल. ही वेळ साधणं म्हणजेच कसब. दुसरी पद्धत खाऊची. काठीच्या टोकाला रंगीत चेंडू लावायचा, जनावराने नाकाने शिवला की एक ठरलेला आवाज करायचा आणि गाजराचा तुकडा द्यायचा. मग चेंडू जिथे नेऊ तिथे ते येतं. बांधून घालून, चारी बाजूंनी भीती दाखवून, थकवून नमवण्याची जुनी रीतही होती. त्यात जनावर उभं राहतं खरं, पण शिकून नव्हे, सुटकेची आशा सोडून. झेब्र्याच्या बाबतीत ही रीत धोक्याचीही आहे, कारण त्याची भीती आत साठते आणि पुढे कधीतरी दुगाणीच्या रूपाने बाहेर पडते.

घोडीच्या ठिकाणी झेब्रा असता तर काय बदललं असतं, हे मी काकांना विचारलं नाही. त्यांनी झेब्रा पाहिलेला नाही. पण त्यांच्या पद्धतीवरून अंदाज बांधता येतो. वीस पावलांच्या जागी साठ पावलांवरून सुरुवात करावी लागली असती. दाब देऊन सोडण्याची पद्धत झेब्र्यावर अपुरी पडते, कारण दोराचा ताण जाणवताच तो कोंडल्यासारखा वागतो. म्हणून खाऊची पद्धत आधी, दोर फार नंतर. एका वेळी पाच-दहा मिनिटांहून जास्त काम नाही. आणि त्याला एकटं ठेवायचं नाही. कळपातल्या जनावराला एकटं केलं की त्याचं निम्मं लक्ष आपली माणसं शोधण्यात जातं. जवळ दुसरा झेब्रा नसेल तर निदान गाढव किंवा तट्टू तरी हवं.

त्याची भाषाही वाचता यायला हवी. झेब्रा तोंड उघडून दात दाखवतो तेव्हा नवखा माणूस दचकतो. पण कान पुढे असतील तर तो रामराम असतो, ओळखीच्या झेब्र्याला ते असेच भेटतात. तेच दात कान मागे चिकटवून दाखवले, तर बाजूला व्हायची वेळ झाली. त्याचा आवाज खिंकाळण्यापेक्षा भुंकण्याच्या जवळचा असतो, क्वा-हा, क्वा-हा असा. दक्षिण आफ्रिकेत अर्ध्या अंगावरच पट्टे असलेला एक झेब्रा होता, त्याला या आवाजावरूनच क्वागा नाव पडलं. माणसाने त्याची बेसुमार शिकार केली. शेवटचा क्वागा १२ ऑगस्ट १८८३ रोजी अॅमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला. कॅप्टन हेज यांना क्वागाही माणसाच्या कामासाठी योग्य वाटला होता.

शिंगरू लहानपणीच आणून बाटलीने दूध पाजून वाढवलं तर? हा विचार सगळ्यांनाच सुचतो. मादीचं ठीक जातं. नराच्या बाबतीत मात्र हीच मोठी चूक ठरते. माणसाच्या हातावर वाढलेला नर माणसाला आपल्यातलाच समजतो, आणि वयात आला की आपल्यातल्या दुसऱ्या नराशी जसं वागायचं तसंच माणसाशी वागतो: चावा, धडक, पायांवर हल्ला. शिंगरू आईपाशीच ठेवून रोज थोडा वेळ हाताळणं कितीतरी बरं.

हे सगळं एका झेब्र्याबद्दल झालं. अख्खी जात बदलता येईल का? रशियात नोवोसिबिर्स्कजवळ १९५९ मध्ये द्मित्री बेल्यायेव यांनी कोल्ह्यांवर एक प्रयोग सुरू केला. प्रत्येक पिढीत माणसाला सगळ्यात कमी घाबरणारे कोल्हे तेवढे निवडायचे आणि त्यांचीच पैदास करायची. चौथ्या पिढीत काही पिल्लं माणूस दिसताच कुत्र्यासारखी शेपूट हलवायला लागली. म्हणजे स्वभाव बदलतो, आणि वाटतं त्याहून लवकर बदलतो. पण कोल्हा वर्षाचा झाला की वितो आणि एका वेळी बरीच पिल्लं देतो. झेब्र्याची मादी बारा महिन्यांहून जास्त काळ गाभण राहते, एकच शिंगरू देते आणि स्वतः तीन-चार वर्षांची होईपर्यंत आई होत नाही. कोल्ह्याच्या चार पिढ्या चार-पाच वर्षांत होतात, झेब्र्याच्या चार पिढ्यांना वीस वर्षं लागतील. त्यात दर पिढीला शेकडो झेब्र्यांमधून मोजकेच निवडायचे, बाकीच्यांना पोसायचं. आणि शेवटी मिळणार काय, तर जेमतेम ४६ किलो वाहणारं तट्टू. आफ्रिकेत हे कुणी का केलं नाही, याचं मोठं कारण मला यातच दिसतं. गाढव तर आफ्रिकेतच सुमारे सात हजार वर्षांपूर्वी पाळीव झालं होतं. ओझ्याचा प्रश्न सुटलेला होता.

एक आडवाट होती, संकराची. नर झेब्रा आणि घोडी यांच्या पिल्लाला झोर्स म्हणतात, गाढवीपासून झालेल्याला झॉन्की. अंग घोड्याचं, पायांवर पट्टे. घोड्याची गुणसूत्रं ६४, साध्या झेब्र्याची ४४, डोंगरी झेब्र्याची तर ३२. एवढा मेळ न बसल्याने हे पिल्लू सहसा वांझ निघतं, खेचरासारखंच. म्हणजे दर वेळी नव्याने रानटी स्वभावाच्या नराकडे जाणं आलं.

ही युक्ती फार जुनी आहे. साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वी सिरिया-मेसोपोटेमियात कुंगा नावाचं जनावर राजेलोकांचे रथ ओढायचं. घोडा तिकडे पोचायला अजून काही शतकं होती. कुंगाला गाढवाच्या कित्येक पट किंमत मिळायची. हे जनावर नेमकं कोण, याचा उलगडा उम्म अल-मर्रा इथे पुरलेल्या सांगाड्यांच्या डीएनएवरून २०२२ मध्ये झाला: आई पाळीव गाढवी, बाप सिरियातला रानगाढव. बाप रानटी म्हणून वेग आणि ताकद, आई पाळीव म्हणून थोडा सोशीकपणा. माणसाने ठरवून केलेला प्राण्यांचा हा माहीत असलेला सर्वात जुना संकर. घोडे आले आणि कुंगा संपला, कारण घोड्यापासून घोडा होतो. कुंगापासून कुंगा कधीच होत नव्हता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झेब्र्यांची एवढी हौस कुठून आली, तेही सांगायला हवं. आफ्रिकेतल्या त्सेत्से माशीमुळे नागाना हा रोग होतो. युरोपातून नेलेले घोडे आणि बैल त्याने पटापट मरायचे, झेब्रे मात्र त्याच मुलखात धडधाकट फिरत. आपल्याकडच्या गुरांच्या डॉक्टरांना याचा भाऊबंद ओळखीचा आहे: सर्रा. घोड्या-उंटांना होणाऱ्या या रोगाचा जंतू ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये पंजाबात शोधला. तो पसरवतात चावणाऱ्या मोठ्या माश्या.

झेब्र्याच्या पट्ट्यांचं कोडंही या माश्यांपाशीच सुटत आलं आहे. २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये घोड्यांना पट्टेरी झुली घालून पाहिलं. माश्या जवळ यायच्या, पण पट्ट्यांपाशी त्यांना वेग कमी करून नीट उतरता येईना. त्याच वर्षी जपानमध्ये काळ्या गायींवर पांढरे पट्टे रंगवले, तर अंगावर बसणाऱ्या चावऱ्या माश्या जवळपास निम्म्या झाल्या. हे भाचीला सांगितलं तेव्हा तिने आधी आपल्या लाकडी झेब्र्याकडे पाहिलं आणि मग लगेच विचारलं, गावच्या गायीला पट्टे मारायचे का. तिच्या मामाने हो म्हटलं आहे. पोळ्याला आपण बैलाच्या अंगावर गेरूचे ठिपके आणि पंजे उठवतोच, पट्टे त्यात काही परके वाटणार नाहीत.

पट्टे रंगवलेले आहेत की खरे, ही शंका तर बादशहालाही आली होती. १६२१ मध्ये जहांगीरला झेब्रा नजर करण्यात आला. काहींना वाटलं, कुणीतरी रंग फासला आहे. नीट तपासल्यावर खात्री पटली, तसं जहांगीरने लिहून ठेवलं आहे. उस्ताद मन्सूरने त्याचं चित्र काढलं, मान खाली घातलेला, अंगावरची रेघ न्‌ रेघ मोजून घ्यावी असा. जहांगीरने तो झेब्रा इराणच्या शाह अब्बासकडे भेट म्हणून पाठवला.

आज झेब्र्यांना शिकवतात ते प्राणिसंग्रहालयात, आणि कारण वेगळं असतं. झेब्र्याचे खूर रानात दगडधोंड्यांवर आपोआप झिजतात, मऊ जमिनीवर मात्र वाढत राहतात आणि पाय वाकडा पडतो. पूर्वी खूर तासायला त्याला भूल देऊन पाडावं लागे, आणि त्यात जिवाला धोका असतो. म्हणून आता त्याला आपणहून पाय द्यायला शिकवतात. नागपूरच्या गोरेवाडा प्राणिसंग्रहालयात आफ्रिकन सफारी आखलेली आहे. तिथे झेब्रे आले तर भाचीला मला हेच दाखवायचं आहे. रखवालदार जाळीच्या अलीकडे उभा असतो, झेब्रा पलीकडे. चेंडू शिवायचा, गाजर. जाळीला अंग लावून उभं राहायचं, गाजर. मग पाय उचलायचा, लाकडी ठोकळ्यावर ठेवायचा, कानसीचा आवाज ऐकायचा, आणि शेवटी कानस खुरावर दोनदा फिरू द्यायची. दोरी नाही, मोहरकी नाही. यालाच कित्येक महिने जातात. पाच मिनिटं झाली की रखवालदार गाजराची बादली उचलतो. त्याआधीच झेब्र्याला जावंसं वाटलं तर तो ठोकळ्यावरचा पाय काढतो आणि आपल्या कळपात निघून जातो. कुणी त्याला अडवत नाही, आणि उद्या पुन्हा चेंडूपासून सुरुवात होते.